धावणाऱ्यांची वाट आणि केळीची ओळ

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तिचा पहिला परिणाम पोलीस ठाण्यांत नव्हे, तर रस्त्यांवर दिसू लागतो. सावदा, फैजपूर, रावेर, यावल या केळीच्या पट्ट्यात पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास तरुण मुले, आणि अलीकडे मुलीही, बऱ्हाणपूर–अंकलेश्वर हमरस्त्याच्या कडेने धावताना आढळतात. केळीचे ट्रकही बाजार गाठण्याच्या घाईत असतात ते नेमके याच वेळी. डांबर संपते तेथून पुढची मुरुमाची पट्टी कोठे हातभर रुंद, तर कोठे पावसाने वाहून गेलेली. मुलगी एकटी असेल तर बाप किंवा भाऊ मोटारसायकलचा उजेड पाडीत तिच्या मागे राहतो. या दृश्याचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडची मुले मोठी जिद्दीची, असे म्हणून ते पुढे जातात. मुले जिद्दीची आहेत यात शंका नाही; परंतु शिवारात इतक्या वाटा असताना या मुलांना ट्रकच्या चाकांशेजारी का धावावे लागते, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून जातो.

हा प्रश्न हौसेचा नाही. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे सुमारे शंभर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने आणखी सुमारे १५ हजार पदे भरण्यास मंजुरी दिली. शिपाईपदाची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यांतील २० गुण एकट्या लांब धावण्याला असतात. पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. शंभर मीटरची दौड याखेरीज. मैदानात निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेचे दार उघडतच नाही. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांत तोडणाऱ्यास ६० गुण ठेवले गेले. वनरक्षकाच्या उमेदवाराला पुरुष असल्यास ५ आणि स्त्री असल्यास ३ किलोमीटर धावावे लागते. शिवाय चार तासांत अनुक्रमे २५ आणि १६ किलोमीटर चालून दाखवावे लागते. ज्याच्यापाशी जमीन नाही, भांडवल नाही आणि वशिलाही नाही, त्याच्यापाशी पाय आहेत. आणि सरकारी नोकरीच्या बाजारात या पायांना रोख किंमत आहे. कला शाखेची पदवी घेऊन केळीच्या वाहतुकीत हंगामी काम करणाऱ्या तरुणाला याहून स्वस्त गुंतवणूक ठाऊक नाही.

ही गुंतवणूक वाटते तितकी स्वस्त मात्र नाही. पाय उमेदवाराचे असले तरी जमीन दुसऱ्याची लागते. डांबरावर रोज सात-आठ किलोमीटर आपटलेल्या नडग्या दोन महिन्यांत दुखू लागतात, हे भरतीची तयारी करणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारले तर तो सांगेल. रस्त्याच्या धोक्याविषयी तर बोलायलाच नको. २०२० च्या फेब्रुवारीत याच हमरस्त्यावर हिंगोण्याजवळ लग्नाहून परतणाऱ्यांच्या गाडीला डंपरची धडक बसून एकाच वेळी दहा जण दगावले. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या फेब्रुवारीत, किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि त्यावर बसलेले रावेर तालुक्यातील किमान १५ मजूर मेले. ते गाडीत होते. धावणारा तर उघडाच असतो. यावर शासनाजवळ तयार असलेले उत्तर म्हणजे तालुका क्रीडा संकुल. संकुलाला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ते तालुक्याच्या गावी असते आणि धावणारा त्याच्या स्वतःच्या गावी. पहाटे पाचला एसटी पकडून धावायला जाणे ही कल्पना कागदावरच शोभते.

नकाशातील तुटक रेषा

वस्तुतः या मुलांसाठी धावण्याचा मार्ग नव्याने शोधण्याची गरज नाही. तो प्रत्येक गावच्या नकाशात काढून ठेवलेला आहे. तलाठ्याच्या दप्तरातला गावनकाशा उघडला तर गटांच्या हद्दींमधून तुटक रेषा जाताना दिसतात. तुटक रेषांची जोडी असेल तर ती गाडवाट; तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेषा असेल तर ती पायवाट. तिची रुंदी सव्वाआठ फूट. याच वाटांना लोक पाणंद म्हणतात, कोणी शिवरस्ता म्हणतात. दोन्ही बाजूंना बांध, बांधावर निंब-बाभूळ, मधे मऊ माती, आणि शेवट नदीकाठी किंवा शेजारच्या गावच्या शिवेवर. वळणे आहेत, चढउतार आहेत, सावली आहे, वाहन नाही. परदेशांत ज्याला निसर्गातून धावण्याचा मार्ग म्हणतात आणि ज्यासाठी नगरपालिका खर्च करतात, तो खानदेशात बैलगाडीने आयता करून ठेवला होता.

या नकाशांची कुळकथाही सावद्याशी निगडित आहे. १८५२ साली इंग्रज सरकारने खानदेशात जमिनीची मोजणी आणि फेरआकारणी सुरू केली, तेव्हा तिच्याविरुद्ध जे दंगे उसळले त्यांत सावदा आणि फैजपूरचा परिसर अग्रभागी होता. हजारो शेतकरी जमले, आणि सरकारला फौज आणून त्यांना दडपावे लागले. मोजणीची साखळी म्हणजे साऱ्याची नवी बेडी, ही त्या लोकांची भीती निराधार नव्हती. मात्र इतिहासाचा न्याय पाहा: ज्या मोजणीला त्यांनी विरोध केला, तिच्यातून घडत गेलेला नकाशाच आज त्यांच्या पणतवंडांच्या वाटेचा एकमेव साक्षीदार उरला आहे. जागेवर वाट नाही, कागदावर आहे.

जागेवरून ती कशी गेली? एका रात्रीत कोणी ती गिळली नाही. गिळणारा कोणी दुष्टही नव्हता. हिशेब अगदी साधा आहे आणि तो मांडून पाहण्यासारखा आहे. केळीची लागवड रूढ पद्धतीने दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर करतात. समजा, एखाद्याच्या शेताचा दोनशे मीटर लांबीचा बांध पाणंदीला लागून आहे. त्याने बांध कोरून केळीची केवळ एक ओळ पुढे सरकवली तर त्या ओळीत १३३ झाडे बसतात. घड वीस किलोंचा धरला तर २६ क्विंटलांहून अधिक माल झाला. भाव पडलेला, क्विंटलला १ हजार रुपये, असा धरला तरी २६ हजारांचे उत्पन्न, आणि तेही दरवर्षी नव्या खरेदीखतावाचून. समोरच्या शेतकऱ्याचा हिशेबही याहून निराळा नसतो. त्याची एक ओळ पुढे सरकली की दीड आणि दीड मिळून तीन मीटर होतात. आणि पाणंदीत गाडी जाण्यापुरती जी मोकळी जागा उरलेली असते ती बहुधा तेवढीच असते. ठिबक सिंचन आले तेव्हापासून ही हाव अधिक सोपी झाली. पाटाचे पाणी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत नेणे कष्टाचे असे. नळी मात्र बांधापलीकडेही सहज जाते. बैल गेले, ट्रॅक्टर आला; ज्याची जमीन हमरस्त्याला लागून आहे त्याला पाणंदीची आठवण उरली नाही.

लाभ एकाच्या पदरात पडतो आणि तो मोजता येतो. तोटा गावभर विखुरला जातो आणि कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. शेतावर जाणाऱ्या मजूर बाईला एक किलोमीटरचा वळसा, शाळकरी मुलांना हमरस्त्याची वाट, म्हाताऱ्याचे सकाळचे फिरणे बंद, आणि भरतीच्या मुलाला ट्रकची संगत. प्रत्येकाचा तोटा इतका लहान की त्यासाठी कोणी तहसील कचेरीची पायरी चढत नाही. मॅन्कर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली समूहाच्या या पंगुतेचे सविस्तर विवेचन केले. थोड्यांचा मोठा स्वार्थ नेहमी संघटित असतो आणि पुष्कळांचे लहान हित नेहमी विस्कळीत असते, हे त्याचे सार. ते समजण्यासाठी अमेरिकेत जावे लागत नाही. गावाबाहेर चार पावले चालले तरी पुरे.

कायदा काय म्हणतो

कायदा या बाबतीत गप्प आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, तसेच नद्या, ओढे, नाले यांची मालकी राज्य शासनाची आहे. कलम १४३ प्रमाणे शेतकऱ्याला हद्दीवरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने अडवलेली वाट मोकळी करून देता येते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला दिला आहे. इतकी शस्त्रे असूनही वाट हरते, याचे कारण शस्त्र उचलणारा हात नाही. मामलेदारापुढचा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आणि दरसाल वितभर सरकणाऱ्या बांधाचा अडथळा नेमका कोणत्या दिवशी झाला, हे सांगणे सोपे नसते. कलम १४३ चा अर्ज जमीनधारकच करू शकतो. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही तो मुलगा, वाटेची गरज सर्वांत अधिक असूनही, या कलमाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. राहता राहिली ग्रामपंचायत. ज्या बागाईतदाराने ओळ सरकवली तोच किंवा त्याचा चुलतभाऊ पंचायतीत बसलेला असतो. त्याच्याच विरुद्ध तिने ठराव करावा, ही अपेक्षा भाबडेपणाची आहे.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांत शासनाने उचललेली पावले निश्चितच स्वागतार्ह आहेत. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना जाहीर झाली आणि रोजगार हमीच्या निधीतून किलोमीटरला सुमारे २४ लाख रुपये खर्चाचा अंदाज त्यात धरण्यात आला. २०२५ च्या मे महिन्यात महसूल विभागाने त्याहून महत्त्वाचा निर्णय घेतला: शेतरस्त्याची रुंदी किमान तीन ते चार मीटर असावी आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी. हा निर्णय ट्रॅक्टरसाठी आणि कापणी यंत्रासाठी घेतला गेला. धावणाऱ्याचा विचार त्यामागे नव्हता. तथापि जी वाट ट्रॅक्टरला पुरते ती धावणाऱ्या दहा मुलांना सहज पुरते. दोघांचे हित येथे एक आहे. धावणाऱ्यांना एकट्याने जे कधीच मिळाले नसते, ते शेतकऱ्याच्या यंत्रामागून चालत येऊ शकते.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. योजनेतला पैसा जसजसा वाढतो तसतसा ठेकेदाराचा ओढा काँक्रीटकडे जातो. पाणंदीचे काँक्रीट केले की ती ट्रॅक्टरला सोयीची होते, पण मोटारसायकली भरधाव सुटतात, पावसाचे पाणी मुरत नाही आणि धावणाऱ्याच्या नडग्यांना डांबराहून कठीण जमीन मिळते. यावल-रावेर पट्ट्यातील भूजलाची पातळी कशी खालावत गेली आहे, हे विंधनविहिरी खोदणाऱ्या प्रत्येक बागाईतदाराला ठाऊक आहे. मुरूम, खडी, दोन्ही बाजूंना चर आणि बांधावर झाडे, एवढे केले तरी वाट बारमाही होते.

बागाईतदारांची बाजू

केळीबागेच्या मालकाला वाट उघडण्याची भीती वाटते. ती भीती खोटी ठरवून चालणार नाही. उभ्या बागेतले घड चोरीला जातात. त्याहून भयंकर म्हणजे वैमनस्यातून रात्रीत शेकडो खोडे कापून टाकल्याचे प्रकार या भागात घडत आले आहेत. वर्षभराचा खर्च आणि कर्ज एका रात्रीत आडवे झालेले पाहणाऱ्या माणसाला सार्वजनिक हिताची व्याख्याने कशी रुचावीत? परंतु खोडे कापणारा पहाटे धावत येत नाही. तो काळोखात आणि निर्मनुष्य जागी येतो. ज्या वाटेवर रोज पहाटे वीस मुले धावतात ती वाट निर्मनुष्य राहत नाही. रोगाचाही आक्षेप घेतला जातो. मर रोगाची बुरशी मातीबरोबर पसरते हे खरे. पण धावणारा वाटेवर असतो, बागेत शिरत नाही. बागेत शिरतात ती कापणीची माणसे आणि मालवाहू गाड्या, आणि त्यांना कोणी अडवीत नाही. कुकुंबर मोझॅक विषाणूने या पट्ट्यातल्या बागा उपटाव्या लागल्या, त्याचा प्रसार तर मावा करतो. माणसाचे पाय नव्हे.

बिबट्याचा आक्षेप मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे. दाट केळीबाग आणि ऊस यांत बिबट्या सहज लपतो. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात एका बिबट्याने घेतलेले बळी आणि अखेर त्याला गोळी घालावी लागल्याची घटना खानदेश विसरलेला नाही. म्हणून पहाटेच्या काळोखात लहान मुलांनी किंवा एकट्यादुकट्याने बागांमधून धावावे असे कोणी शहाणा सांगणार नाही. उजाडल्यावर धावावे, घोळक्याने धावावे, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत काढलेले असावे. जळगावच्या उन्हाळ्यात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेथे उजाडल्यानंतर धावण्यास फार तर तासभर मिळतो, हीही अडचण आहेच.

नदी, कालवा आणि वन

पाणंदीखेरीज दोन मार्ग या भागाला निसर्गाने आणि शासनाने दिले आहेत. सातपुड्यातून तापीकडे उतरणाऱ्या सुकी, भोकर, मोर या नद्या वर्षाचे बरेच महिने कोरड्या असतात. त्यांच्या काठाने जाणारी वाट म्हणजे डोंगरापासून तापीपर्यंतचा सलग मार्ग होऊ शकतो. नदीचे पात्र कलम २० प्रमाणे शासनाचे आहे. प्रत्यक्षात जळगाव जिल्ह्यातील नद्यांच्या पात्रावर सत्ता वाळूच्या ट्रॅक्टरची चालते, आणि गिरणेचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जेथे वाळूचे खड्डे पडले तेथे धावण्याची गोष्ट सोडाच, गुरे उतरवणेही धोक्याचे झाले. दुसरा मार्ग कालव्याचा. तापीवरील हतनूर धरणाचा उजवा कालवा यावल, चोपडा भागातून जातो आणि त्याच्या काठाने पाटबंधारे खात्याचा सेवारस्ता आहे. सपाट, मातीचा, वाहनविरहित, आणि मैलोगणती लांब. तो खात्याच्या मालकीचा असल्याने तेथे बांध कोरण्याचा प्रश्न कमी, आणि मोजणीचाही वाद नाही. खात्याने ठरावीक वेळी, ठरावीक टप्प्यात पायी आणि धावणाऱ्यांना तो खुला असल्याचा फलक लावला, काठावरच्या धोक्याच्या जागी कठडे बांधले, तर एक पैशाची नवी जमीन न घेता जिल्ह्यातला सर्वांत लांब धावमार्ग तयार होतो.

वनाचे तसे नाही. सावद्याच्या उत्तरेला पाल आणि त्याच्या परिसरात १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य सुमारे १७६ चौरस किलोमीटर पसरले आहे. सातपुड्याच्या उतारावरून धावण्याची कल्पना मोहक आहे, आणि शहरी धावपटूंच्या संघटना आज ना उद्या तेथे स्पर्धा भरवण्याची मागणी करतील. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि ते योग्यच आहे. या रानातल्या वाटा पावरा, बारेला, तडवी, कोरकू लोकांच्या पावलांनी पडल्या. कायद्याने त्यांचा वनहक्क मान्य व्हायला २००६ साल उजाडावे लागले. जळणाची मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला हटकायचे आणि प्रवेशशुल्क भरलेल्या हजार धावपटूंसाठी फाटक उघडायचे, असे झाल्यास त्यासारखा अन्याय नाही. वनरक्षकाच्या भरतीसाठी तयारी करणाऱ्या स्थानिक आदिवासी मुलामुलींना वनाच्या कडेचे रस्ते आणि जाळरेषा सरावासाठी वापरू देणे ही गोष्ट निराळी. ते वनखात्याच्याही हिताचे आहे.

स्पर्धांचा विषय निघालाच आहे. २०१२ पासून सातारची डोंगरी अर्धमॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटात भरते. जळगावातही ‘खान्देश रन’ या नावाने शहरवासीय धावू लागले आहेत. यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. मध्यमवयीन कारकून आणि शिक्षक पोट कमी करण्याच्या इच्छेने का होईना, सकाळी घराबाहेर पडतो हे चांगलेच. पण स्पर्धेसाठी रस्ता एक दिवस बंद होतो, त्या एका दिवसाचे पोलीस, रुग्णवाहिका, पाणी सारे प्रवेशशुल्कातून येते. उरलेल्या ३६४ दिवसांच्या रस्त्याला शुल्क भरणारा कोणी नसतो. महाराष्ट्राने देशाला दिलेले नामांकित धावपटू तर याच उरलेल्या दिवसांनी घडवले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर धावत-चालत जाई. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण त्याने मिळवले. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य जिंकले. तिघांच्याही गावी धावमार्ग नावाची वस्तू नव्हती. गावची वाट होती.

सावद्यापासून पाच-सहा किलोमीटरवरच्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. त्या वेळी मुंबईत पेटवलेली ज्योत स्वयंसेवकांनी हातोहात, पायी धावत तेथवर आणली होती. त्या घटनेचा गौरव होतो, आणि व्हावाही. त्याच फैजपूरच्या आजच्या तरुणाला सावद्यापर्यंत निर्धास्त धावत येता येत नाही, याची खंत मात्र गौरवाच्या भाषणांत उमटत नाही.

इंग्लंडमध्ये १९३२ साली मँचेस्टरचे कामगार किंडर स्काउट या खासगी माळावर मुद्दाम घुसले आणि काहींना तुरुंगवास झाला. १९४९ साली तेथील संसदेने कायदा करून प्रत्येक काउंटीला आपल्या हद्दीतील सार्वजनिक पायवाटांचा निर्णायक नकाशा करण्यास भाग पाडले. त्या नकाशावर वाट आली की तिच्या अस्तित्वाविषयी वाद संपतो. शेतकऱ्याला शेत नांगरता येते, परंतु शेतातून जाणारी पायवाट १९९० च्या कायद्याप्रमाणे ठरावीक मुदतीत किमान एक मीटर रुंद पुन्हा करून द्यावी लागते. महत्त्वाचे हे की, वाटेवर हक्क सांगण्यासाठी तेथे जमीनदार असावे लागत नाही. चालणारा असणे पुरते. आपल्याकडे नकाशा त्यांच्याहून जुना आहे. उणीव आहे ती चालणाऱ्याला तक्रारीचा अधिकार नसण्याची. सातबाऱ्यातील नोंदीबरोबरच गावातील कोणाही रहिवाशाला अडवलेल्या पाणंदीविरुद्ध अर्ज करता येईल अशी तरतूद झाली आणि सहा महिन्यांची मुदत अशा सार्वजनिक वाटेला लागू नाही असे स्पष्ट झाले, तर अर्धे काम होईल. उरलेले अर्धे गावाने करायचे आहे. सामायिक मालमत्तेची राखण लोक स्वतः उत्तम करू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल सन्मान मिळाला. पण त्यांनी घातलेली पहिली अट हीच होती, की त्या मालमत्तेची हद्द सर्वांना स्पष्ट ठाऊक असली पाहिजे.

हद्द ठरवण्याचा हंगाम केळीच्या पट्ट्यात फार थोडा असतो. मृगबागेची लागवड जून-जुलैत होते, कांदेबागेची पावसाळा सरल्यावर. एकदा ओळ लागली की वर्ष-दीड वर्ष ते उभे पीक असते, त्यानंतर त्याच खोडांची पीलबाग धरली जाते. उभे पीक उपटून वाट मोकळी करण्याचा आदेश कोणताही तहसीलदार सहजासहजी देत नाही, आणि दिला तरी गावात त्याचे स्वागत होत नाही. शेते मोकळी असतात ती एप्रिल-मे महिन्यांत. भूमी अभिलेख खात्याने पाणंदींची मोजणी करून हद्दीचे दगड रोवायचे असतील, तर ते मृगापूर्वीच रोवावे लागतील. सावद्याच्या आसपासच्या चार-सहा गावांनी मिळून एक सलग पाणंद या पद्धतीने मोजून घेण्याचा ठराव ग्रामसभेत केला, तर पुढच्या भरतीची जाहिरात येईपर्यंत ती धावण्याजोगी होऊ शकते. ठराव पावसाळ्यानंतर आला, तर तोपर्यंत तीत केळी लागलेली असेल.